डुगडुगती फरशी

सोमवार, ३ फेब्रुवारी

मला फौजदार म्हणतात! आज कळलं. चपलावाला गिऱ्हाइकाला सांगत होता — "जरा हळू बोला, फौजदार येतील." आणि मी त्याच्या मागेच उभी! तिथे हसले, घरी येऊन मात्र जरा लागलं.

पण मग करायचं कुणी? तीन बाजाररस्ते, आणि नगरपालिकेकडे पैसे एकाच्याच दुरुस्तीपुरते. म्हणून ज्या त्या रस्त्याची तिथल्याच लोकांनी पाहणी करायची, दहापैकी मार्क द्यायचे. सगळ्यात कमी मार्कांचा रस्ता नवा होणार. आमच्या रस्त्याला दोनच्या वर कुणी कसे देईल? फूटपाथ उखडलेला, गटाराची झाकणं वाकडी, मेडिकलसमोर पाणी साठून शेवाळ. मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर इतकी वर्षं बसले, डिसेंबरात निवृत्त झाले, आणि दोन महिन्यांत घरातल्या प्रत्येक कपाटाची तक्रार निवारून झाली! आता काय करू? पायाला भिंगरी लावल्यासारखी ह्या खोलीतून त्या खोलीत फिरते. चहा करते, प्यायचा विसरते.

ह्यांना सांगितलं पाहणीचं. म्हणाले, "आहे तो रस्ता ठीक आहे की." ठीक! रोज त्याच रस्त्याने दुकानात जाणारा माणूस म्हणतोय हे!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोघादोघांच्या जोड्या केल्यात. माझ्या जोडीला दातांची डॉक्टर. मेडिकलच्या वर राहते, आठ महिन्यांचं बाळ आहे. हुशार मुलगी. म्हणाली, "काकू, आपण बाळगाडी ढकलत जाऊ. गाडी जिथे अडेल तिथे मार्क कापायचे." मला का नाही सुचलं!

खऱ्या पाहणीआधी तालीम म्हणून निघालो. गाडी अडली नाही अशी जागा सापडेना. बाळाला वाटलं हा खेळच आहे. प्रत्येक आदळ्याला खिदळत होतं. त्याची आई मात्र घामाघूम. "रोज उचलून नेते काकू ह्याला. मनगटं गेलीत माझी."

आणि सगळ्यात वाईट जागा कुठली? आमच्याच दारातली! ह्यांचं दोरे-बटणांचं दुकान आणि पलीकडचं चपलांचं, दोन्हींच्या मधोमध एक मोठी फरशी आहे. पाय ठेवला की डुगडुगते, खालून 'टक्' असा आवाज. गाडीचं चाक नेमकं तिच्या फटीत गेलं. मी दुकानात शिरून म्हटलं, "अहो, तुमच्याच दारात ही तऱ्हा! चार दिवसांत दुरुस्त करून घ्या, नाहीतर पहिले मार्क तुमचेच कापते."

"हात लावू नकोस त्या फरशीला," म्हणाले.

आवाज असा की डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. हे कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. तेवढ्यात एक बाई कापडाचा तुकडा घेऊन आल्या, जुळता दोरा हवा होता. ह्यांनी पाच-सहा रिळं पुढे मांडली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या नजरेला कुठलं बरं वाटतं?" बाई खूश! पूर्वी हे कापडाकडे एकदा बघायचे आणि पाठ न वळवता मागच्या फळीवरून नेमकं रीळ काढायचे. गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नव्हती. म्हटलं चला, म्हातारपणी तरी नम्रपणा आला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भांडण. पाहणीवरूनच.

मेडिकलवाले काका आमच्या समितीचे अध्यक्ष. ते सकाळी मला म्हणाले, "तुमचे साहेब हल्ली ओळख दाखवत नाहीत. काल समोरून गेले, मी हात केला, सरळ पुढे! आमचं काही चुकलं का?" मी सारवासारव केली. घरी येऊन ह्यांना झापलं. "एवढा कसला ताठा? माणसं तोडायला निघालात की काय?"

एकदम म्हणाले, "तुमची ती पाहणी बंद करा. रस्ता उकरून ठेवतील आणि सहा महिने तसाच टाकतील. धंदा बसेल सगळ्यांचा."

"धंद्याची काळजी आहे ना, मग दुकानात वीज जास्त लावा. अंधारात बसता."

"मला दिसतंय तेवढं पुरे."

वर्तमानपत्रही बंद करायला सांगितलंय. त्यात काही नसतं म्हणे! अरे, तीस वर्षं सकाळी त्या कागदामागे तोंड लपवून बसलात, तेव्हा काय होतं त्यात?

माणूस बदललाय. मला भीती वाटते. कशाची, ते कळत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अध्यक्षांनी पाहणीची तारीख जाहीर केली. दुकानाबाहेरच्या फळ्यावर! खडूने, ठळक अक्षरात! आता काय पाहणार आम्ही, कपाळ?

सोमवार, १० फेब्रुवारी

जे व्हायचं तेच झालं. उद्या पाहणी म्हणून आज सगळा बाजार झाडू-फडकी घेऊन रस्त्यावर. मेडिकलवाल्यांनी शेवाळ घासून काढलं, कुणी खड्ड्यात विटांचे तुकडे भरले, कुणी वाकडं झाकण ठोकून सरळ केलं. हसावं की रडावं! मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावतेय — अहो थांबा, अहो राहू द्या!

चपलावाला पाटीत सिमेंट कालवून बसलेला. आमच्या दारातली ती फरशी पक्की करत होता.

"हे काय करताय?"

"वहिनी, आपल्या रस्त्याचा नंबर काढायचा ना!"

"अहो, शेवटून काढायचाय! ही स्पर्धा नाही. कमी मार्क मिळाले तर रस्ता नवा होणार."

थापी हातात तशीच धरून बघत राहिला. "म्हणजे घाण ठेवायची होती?" मग थापी पाटीत टाकून म्हणाला, "पण लोक आपल्या दुकानासमोर येऊन मार्क देणार, आणि आपण घाण दाखवायची? ते नाही जमणार."

खरंच नाही जमणार. सगळे असेच आहेत. चिडले, पण मनातून मला ते आवडलंही.

हे आज दोऱ्यांचा माल आणायला बाहेरगावी गेले होते. चपलावाल्याची कारागिरी त्यांनी पाहिली नाही. उद्या बघतील, म्हणतील — झालं तुझ्या मनासारखं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अक्षर बघ कसं आलंय.

पाहणीचा पहिला भाग असा होता की दुकानं उघडायच्या आधी समोरच्या बाजूला उभं राहायचं आणि लोकांचे पाय बघायचे. कुठे अडखळतात, कुठे वळसा घालतात, कुठे रस्त्यावर उतरतात. मी आणि डॉक्टर आमच्या दुकानासमोरच्या फूटपाथवर उभ्या. सगळी शटरं खाली. राखाडी, एकासारखं एक.

हे आले. नेहमीच्या चालीने, मान ताठ. मेडिकलसमोरून आले, उतार उतरले. आणि दुकान मागे टाकून पुढे गेले. मला वाटलं कुणाला तरी भेटायचं असेल. पण ते चपलांच्या दुकानाशी थांबले, डावीकडे वळले, खाली वाकले आणि किल्ली त्या कुलपात घालायला लागले.

किल्ली जाईना. काढली, फिरवली, पुन्हा घातली. मग कुलूप तळव्यात घेऊन चाचपलं. मग शटरवरून हात फिरवला, हळूहळू, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर चपलेचं एवढं मोठं चित्र रंगवलेलं आहे! लहान मूलही ओळखेल! हे त्याच्या खाली उभे राहून शटर चाचपतायत.

मग मागे सरकले आणि उजवा पाय पुढे करून फूटपाथ दाबून बघायला लागले. इथे. तिथे. पुन्हा इथे. काहीतरी शोधत होते पायाने. मला तेव्हा कळलं काय शोधतायत. ती फरशी! काल जी पक्की झाली ती!

ओरडावंसं वाटलं. पण भर बाजारात? मार्कांचा कागद घट्ट धरून तिथेच उभी राहिले.

एक पेपरवाला सायकलवरून जाता जाता म्हणाला, "काका, तुमचं दुकान अलीकडे!" हे हसले. "लक्षच नव्हतं रे," म्हणाले. भिंतीला हात लावत मागे आले, कुलूप उघडलं, शटर वर केलं, आत गेले. रोजच्यासारखे.

"काकू, काय झालं? रडताय तुम्ही?" डॉक्टर.

"धूळ गेली."

वर्तमानपत्र. दोऱ्याची रिळं. न केलेला नमस्कार. 'मला दिसतंय तेवढं पुरे.' सगळं डोळ्यांसमोर होतं माझ्या, आणि मी त्यांना ताठा म्हणाले!

त्याच दिवशी, दुपारी

मी काय केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार?

पाहणीचा दुसरा भाग, झाकणं-फरश्या तपासायचा. दुपारी डॉक्टर दवाखान्यात गेली, मी एकटी होते. आमच्या दारात आले. हे आत गिऱ्हाइकात. मी त्या फरशीवर उभी राहिले. घट्ट. मग उडी मारली. मग आणखी एक. साठीला आलेली बाई भर बाजारात उड्या मारतेय!

चपलावाला धावत बाहेर आला. "वहिनी! कालचंच सिमेंट आहे!"

"तपासतेय. टिकायला नको?"

"तुम्ही नाचलात तर कसं टिकेल!"

तिसऱ्या उडीला कड सुटली. त्याने वाळूच जास्त घातली होती. फरशी हलली. 'टक्.'

"बघा," मी म्हटलं, "कच्चं काम."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मला भूत लागलंय. मग कपाळावर हात मारून आत गेला. आणि आमच्या दुकानात काउंटरमागे हे मान वर करून ऐकत होते. त्या आवाजाने चेहरा कसा सैल झाला त्यांचा! मी तशीच घरी पळाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं. पहिल्याच वाक्याला ती गप्प झाली, आणि मला समजलं की हिला माहीत आहे.

"आई, बाबांनी शपथ घातली होती."

वर्ष झालं! डोळ्यांचा मागचा पडदा खराब झालाय. मधोमध दिसत नाही, कडेचं दिसतं थोडं, धुरकट. माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. अक्षर नाही, रंग नाही. दोन डॉक्टर झाले. माल आणायला म्हणून जातात त्यातल्या एका दिवशी तपासणीलाच जातात. गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवायला औषध चालू आहे.

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, तुझ्या आईला कळलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावेल. मला खुर्चीत बसवेल आणि काळजी घेईल."

फोन ठेवला. आधी राग आला. लेकीला सांगितलं, मला नाही! पण मग विचार केला. लावलं असतं का मी कुलूप? लावलं असतं. त्याच संध्याकाळी. आणि वर गावभर सांगत फिरले असते की बघा मी कसं सांभाळते.

दुकान गेलं तर हा माणूस उरणार नाही. हे मला माहीत आहे, आणि तरीही मी लावलं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रोज मागोमाग जाते. बऱ्याच अंतरावरून. मेडिकलचा उतार, मग ठोकून सरळ केलेलं झाकण, ते अजूनही पायाखाली खणखणतं, मग ती फरशी, आणि वळण. एकेक खोट त्यांना ठाऊक आहे. मी ज्यांचे मार्क कापले त्या सगळ्या!

नवा रस्ता म्हणजे गुळगुळीत, एकसारखा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते दुकान सापडायचं कसं मग? उद्या मार्क वाचून दाखवायचेत. अन्न गोड लागत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सात दिले.

डॉक्टरने दोन लिहिले होते. मी सात. मेडिकलच्या मागच्या खोलीत बैठक होती. मी उभी राहून म्हटलं, "दुकानदारांनी मनावर घेतलंय. झाकण बसवलं, शेवाळ काढलं. रस्ता तितका काही वाईट नाही." स्वतःचाच आवाज परका वाटला.

डॉक्टर म्हणाली, "काकू, बाळगाडी आठवते ना?" मी तिच्याकडे बघितलं नाही.

अध्यक्ष हसून म्हणाले, "फौजदारांनी सात दिले म्हणजे सातच असणार! त्या कुणाला सोडत नाहीत." आणि मार्क कायम झाले. आयुष्यभर कुणाची खोटी तक्रार घेतली नाही, खरी दाबली नाही. म्हणूनच तर खोटं खपलं आज.

सोमवार, १७ फेब्रुवारी

डॉक्टर रस्त्यात भेटली. बाळाला कडेवर घेऊन, दुसऱ्या हाताने रिकामी गाडी ओढत. नुसती मान हलवली. माझ्यात नजर वर करायची हिंमत नव्हती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुसऱ्या रस्त्याचा नंबर लागला. आमचा आहे तसाच राहणार. ह्यांना जेवताना सांगितलं. घास तोंडाशी थांबला. "आपल्याला किती मार्क पडले?"

"सात."

"कुणी दिले सात?"

"मी."

पुन्हा भात वाढून घेतला. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

सांगून टाकू का? रोज सकाळी ठरवते, रोज राहून जातं. सांगितलं की त्यांना वाटणार, आता ही कुलूप आणणार. नाही सांगितलं तर मी अशीच चोरासारखी मागे मागे फिरणार. घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. बटाटे सोलायला घेतले आणि गरज नसताना सगळी पिशवी सोलून टाकली!

गुरुवार, २० फेब्रुवारी

पडले.

रोजच्यासारखी मागे होते. आज जरा जवळ गेले होते, कारण रस्त्यावर माल उतरवत होते, मोठी खोकी होती. हे वळसा घालून नीट गेले. फरशीवर पाय ठेवला — टक् — वळले, वाकले. किल्ली कुलपात गेली का तेवढं बघत होते मी. पायाखाली कुठे बघणार? फरशी कलली आणि घोटा आत गेला. मी किंचाळले.

हे झटकन वळले. माणूस दिसत नाही, पण आवाज! "तू?"

चपलावाला आला, दोन-चार माणसं जमली. "वहिनी, तुम्हीच उखडलीत ती, आणि तुम्हीच पडलात!" सगळ्यांसमोर! हे ऐकत होते. त्यांनी कुणाला पुढे येऊ दिलं नाही. स्वतः खाली बसले, माझा पाय चाचपून बघितला, माझा हात खांद्यावर घेतला आणि मला दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. पाण्याची बाटली कुठे आहे, फडकं कुठे आहे, सगळं नेमकं हाताला लागत होतं त्यांच्या. ओलं फडकं घोट्याला घट्ट बांधलं.

"किती दिवस येतेयस मागे?" एवढंच.

"पाहणीपासून."

"हं."

मग गिऱ्हाईक आलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

घोटा टम्म सुजलाय. पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय हाडांच्या डॉक्टरांनी. हे सकाळी चहा उशाशी ठेवून दुकानात गेले. दिवसभर छताकडे बघितलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुकानात निघताना हे पलंगाशी येऊन बसले. म्हणाले, "मेडिकलवाल्यांना कळव, सात नव्हते, दोनच होते. रस्ता मिळो न मिळो. आणि चपलावाल्याला मी आज सांगणार आहे, ती फरशी पक्की कर. ह्या वेळी वाळू कमी घाल."

"आणि मग तुम्ही? तुम्हाला दुकान कसं सापडणार?"

जन्मात कधी कुणाला पत्ता विचारला नाही ह्या माणसाने! परगावात तासभर उलटं चालेल, पण तोंड उघडणार नाही.

चप्पल पायात सरकवत म्हणाले, "विचारत जाईन."